लाँगइयरब्येनला सॅक पाठीवर टाकून जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वालबार्ड हा नॉर्वेच्या ताब्यातला द्वीपसमूह. नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर तो येतो. त्यातलं मुख्य गाव लाँगइयरब्येन, ७८ अंश उत्तरेला. वस्ती जेमतेम अडीच हजार. १९०६ मध्ये जॉन मन्रो लाँगइयर या अमेरिकन माणसाच्या कंपनीने कोळशासाठी ते वसवलं, म्हणून हे नाव. नियमित विमानाने सर्वसामान्य प्रवाशाला इतक्या उत्तरेला सहज पोचता येईल असं दुसरं गाव जगात नाही. त्यामुळे कमी पैशांत भटकणाऱ्यांची नजर त्यावर हमखास जाते आणि तेच तेच प्रश्न येत राहतात.

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, हे खरं का?

खरं आहे, पण अर्धं. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये स्वालबार्डचा करार झाला. त्यात ब्रिटिश साम्राज्याच्या वतीने झालेल्या सह्यांमध्ये भारताचंही नाव होतं. करारातल्या सगळ्या देशांच्या नागरिकांना तिथे जाण्याचा आणि धंदा करण्याचा समान हक्क आहे आणि नॉर्वे प्रत्यक्षात कुणाकडूनच स्वालबार्डचा व्हिसा मागत नाही.

अडचण वाटेत आहे. नियमित विमानं जातात ती ऑस्लो किंवा ट्रोम्सोहून, आणि ही दोन्ही शहरं शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या पट्ट्यात, येतात. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर. म्हणजे भारतीय पासपोर्टवर तुम्ही आधी शेंगेनमध्ये शिरता, मग बाहेर पडता आणि परतताना पुन्हा शिरता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेतलात तर जाणं होईल, येणं अडेल. म्हणून अर्ज करतानाच किमान दोन प्रवेशांचा व्हिसा मागा आणि सोबतच्या पत्रात लाँगइयरब्येनचा बेत स्पष्ट लिहा. व्हिसा हातात आला की प्रवेशसंख्येच्या रकान्यात १ आहे की २ हे तिथल्या तिथे वाचा.

विम्याचंही तसंच. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पण त्या कागदावर नुसतं ‘शेंगेन देश’ लिहिलेलं असेल तर स्वालबार्ड त्यात धरलं आहे का, हे विमा कंपनीला लेखी विचारून घ्या. गावातलं रुग्णालय छोटं आहे. गंभीर दुखणं आलं तर रुग्णाला हवाई रुग्णवाहिकेने ट्रोम्सोला हलवतात. त्याचं बिल कुणाच्या नावावर फाटेल, हे आधी माहीत असलेलं बरं.

व्हिसा नाही म्हणजे तिथे जाऊन कितीही दिवस राहता येईल? काम मिळेल?

कागदोपत्री राहता येतं, कामाचा परवानाही लागत नाही. थायलंड आणि फिलिपिन्समधून आलेले बरेच लोक तिथे काम करतात. पण राहायला घर मिळणं महाकठीण, कारण बहुतेक घरं कंपन्यांच्या आणि संस्थांच्या मालकीची आहेत आणि ती नोकरीबरोबरच मिळतात. ‘आधी पोचू, मग बघू’ हा हिशेब इथे चालत नाही. स्वतःचा खर्च भागवण्याची ऐपत नसलेल्या माणसाला बाहेर काढण्याचा अधिकार सिसेलमेस्टरला, म्हणजे तिथल्या राज्यपालाला, आहे. बेरोजगार भत्ता, समाजकल्याण, अडल्यानडल्याला आसरा यांतलं काही तिथे नाही. पैसे संपले तर परतीचं तिकीट हाच काय तो पर्याय, आणि ते आधीच खिशात हवं.

एकूण खर्च किती येईल?

ठोक आकडा सांगणारे लोक एकतर फार पूर्वी गेलेले असतात किंवा कुणाच्या तरी घरी राहिलेले असतात. नॉर्वेचं चलन क्रोनर. त्याचा भाव गेली काही वर्षं आठ-नऊ रुपयांच्या आसपास फिरतोय, तेव्हा हजार क्रोनर म्हटलं की आठ-नऊ हजार रुपये गेले असं समजा. सर्वांत मोठी बचत विमानाच्या तिकिटात होते. ऑस्लोहून जाणाऱ्या दोन कंपन्या आहेत, एसएएस आणि नॉर्वेजियन. काही महिने आधी काढलेलं आणि ऐनवेळी काढलेलं तिकीट यांत तिप्पट फरकही पडू शकतो. पर्यटकांकडून घेतला जाणारा पर्यावरण कर तिकिटातच धरलेला असतो.

सह्याद्रीत गडाच्या देवळात मुक्काम ठोकायची, वाटेत जीप थांबवायची, कुणाच्या तरी ओसरीवर स्वयंपाक करायची सवय असेल, तर ती ऑस्लोलाच ठेवून जा. काटकसरीच्या या सगळ्या युक्त्या लाँगइयरब्येनला एकतर कायद्याला अडतात नाहीतर अस्वलाला. पैसे वाचवायचे ते विमानात बसण्याआधी. तिथे उतरल्यावर वाचतो तो फक्त जेवणाचा खर्च.

कोणत्या महिन्यात जावं?

साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळत नाही. २६ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी उगवत नाही आणि त्यातही नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत दुपारी बारालाही मिट्ट काळोख असतो. फेब्रुवारीत सूर्य क्षितिजावर आला तरी डोंगर आड येतात, म्हणून गावात ऊन पोचतं ते ८ मार्चच्या सुमारास. जुन्या रुग्णालयाच्या उरलेल्या पायऱ्यांवर त्या दिवशी अख्खं गाव जमतं.

मार्च-एप्रिल हा स्नोमोबाइलचा, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या स्कूटरचा, आणि सर्वांत महाग हंगाम. जून ते ऑगस्ट बोटींचा. काळोखाच्या महिन्यांत, विशेषतः नोव्हेंबरात, खोल्या त्यातल्या त्यात स्वस्त मिळतात. पण मग दिसणार काय? ध्रुवीय प्रकाश, तोही भरदिवसा, आणि दिव्यांच्या उजेडातलं गाव. डोंगर, हिमनद्या, फ्योर्ड (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाड्या) यांतलं काहीही दिसणार नाही. पहिल्यांदाच जात असाल तर मी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सुचवेन. रात्र परत आलेली असते, तरी दिवस भरपूर असतो, गर्दी ओसरलेली असते आणि डोंगरमाथ्यांवर ताजा बर्फ पडू लागलेला असतो.

आणि फक्त ध्रुवीय प्रकाशच पाहायचा असेल तर स्वालबार्डला जाऊच नका. स्टॉकहोमहून नार्विकला जाणारी रात्रीची रेल्वे पकडा आणि किरुना किंवा अबिस्कोला उतरा. खर्च बराच कमी, व्हिसाची भानगड एकेरी आणि आकाशात तोच प्रकाश.

ऑस्लोहून सरळ गेलं की झालं ना?

ऑस्लोहून थेट विमानाला तीन तास लागतात. काही विमानं ट्रोम्सोला थांबतात. तिथे सगळ्यांना उतरून पासपोर्ट तपासून घ्यावा लागतो आणि पुन्हा त्याच विमानात बसायचं असतं. ऑस्लोहून थेट जाणाऱ्या विमानासाठी आंतरराष्ट्रीय दरवाजांकडे जावं लागतं. देशांतर्गत समजून भलत्या टोकाला बसून राहिलेले प्रवासी मी पाहिले आहेत.

विमानतळावरून गावात कसं जायचं?

विमानाच्या वेळेला बस उभी असते, ती हॉटेलं आणि गेस्टहाउसं घेत घेत जाते. अंतर पाचेक किलोमीटर. टॅक्सीही मिळते. गावात सार्वजनिक बस नाही. सगळे मिळून रस्तेच चाळीस-पन्नास किलोमीटर असतील आणि एका वस्तीतून दुसरीकडे जाणारा रस्ता अस्तित्वातच नाही. त्यामुळे लिफ्ट मागत स्वालबार्ड फिरायची कल्पना सोडून द्या.

स्वस्तात राहायचं कुठे?

दरीच्या वरच्या टोकाला न्युब्येन नावाची वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर खाणकामगारांसाठी बांधलेल्या बराकी तिथे ओळीने उभ्या आहेत. त्यांतल्या काहींची आता साधी गेस्टहाउसं झाली आहेत. खोल्या लहान, संडास-बाथरूम सामाईक, काही ठिकाणी सामाईक स्वयंपाकघर. गावाच्या मध्यापासून दोन-अडीच किलोमीटर चढ आहे आणि वारा समोरून असला की तो चांगलाच जाणवतो. बुक करण्याआधी एकच गोष्ट तपासा, ती म्हणजे स्वयंपाकघर वापरायला मिळतं का. खोली दोनशे क्रोनरने महाग असली तरी स्वयंपाकघर असेल तर तीच घ्या. बाहेर एक वेळ जेवलात की तो फरक भरून निघतो.

चर्च जवळजवळ नेहमीच उघडं असतं, आत ऊब असते, कॉफीही असते. आलेल्या-गेलेल्याला बसायला कुणी नाही म्हणत नाही. मात्र ते मुक्कामाचं ठिकाण नाही.

आणखी एक. म्युझियम, चर्च, बरीच गेस्टहाउसं आणि हॉटेलं यांच्या दारातच बूट काढावे लागतात. खाणीतून येणाऱ्यांच्या बुटांना कोळशाची भुकटी लागलेली असे, तेव्हापासूनची ही रीत. आपल्याला तिचं नवल वाटायचं कारण नाही, फक्त मोजे फाटके नसावेत.

आणि तंबू?

विमानतळाजवळ पैसे भरून तंबू ठोकायची जागा आहे. ती फक्त उन्हाळ्यात चालते. २८ ऑगस्ट २०२० रोजी पहाटे तिथेच एका ध्रुवीय अस्वलाने तंबूत झोपलेल्या माणसाचा जीव घेतला. तो नेदरलँड्सचा होता आणि तिथेच कामाला होता. १९७१ पासून स्वालबार्डमध्ये अस्वलाच्या हल्ल्यात गेलेला तो सहावा. यंदा ती जागा चालू आहे का आणि अस्वलासाठी काय बंदोबस्त आहे, हे विचारल्याशिवाय तंबू सॅकमध्ये भरू नका.

गावाबाहेर मोकळ्या जागी तंबू टाकायचा तर आळीपाळीने जागता पहारा तरी हवा नाहीतर भोवती, अस्वलाचा पाय अडकला की बार उडवणारी तार तरी. एकट्या माणसाने पहारा द्यायचा कधी आणि झोपायचं कधी, याचा विचार करा. ठरलेल्या पट्ट्याच्या पलीकडे स्वतःच्या जबाबदारीवर जायचं तर सिसेलमेस्टरकडे आधी कळवावं लागतं आणि शोध-बचावाच्या खर्चाचा विमा दाखवावा लागतो. हे सगळं जमवण्यात जेवढे पैसे जातील तेवढ्यात न्युब्येनमध्ये पलंग मिळतो.

अस्वलाची भीती जरा वाढवून सांगतात का?

‘माणसांपेक्षा अस्वलं जास्त’ हे वाक्य वाढवून सांगितलेलं आहे. तीन हजारांच्या आसपासचा जो आकडा फिरतो तो संपूर्ण बॅरेंट्स समुद्राच्या परिसराचा अंदाज. स्वालबार्डच्या आसपास कायम राहणारी अस्वलं सुमारे तीनशे. पण म्हणून गावाबाहेर हिंडायला हरकत नाही असा अर्थ काढू नका. अस्वल कुठेही आणि कोणत्याही महिन्यात भेटू शकतं. गावाच्या वेशीवर काळ्या पाटीवर पांढरं अस्वल असलेला त्रिकोणी फलक आहे आणि त्याखाली नॉर्वेजियनमध्ये लिहिलंय, ‘संपूर्ण स्वालबार्डला लागू’. पर्यटन कार्यालयात फुकट नकाशा मिळतो. त्यावर सुरक्षित क्षेत्राची रेघ आखलेली असते. त्या रेघेपलीकडे जायचं तर अस्वलाला पळवून लावायचं साधन, म्हणजे फ्लेअर पिस्तूल वगैरे, जवळ असणं सक्तीचं आहे आणि बंदूकही ठेवावी असा प्रशासनाचा सल्ला आहे.

अस्वल दिसलं तर फोटोसाठी पुढे सरकायचं नाही. १ जानेवारी २०२५ पासून किमान ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखणं कायद्याने बंधनकारक आहे. चुकून जवळ आढळलात तर मागे हटायचं. गरज नसताना अस्वलाला हुसकावणं, त्याचा पाठलाग करणं, त्याला आमिष दाखवणं हे सगळे गुन्हे आहेत.

मग बंदूक भाड्याने घेता येते?

दुकानात मिळते, पण परवाना असेल तरच. परवान्यासाठी सिसेलमेस्टरकडे बरेच आठवडे आधी अर्ज करावा लागतो आणि आयुष्यात कधी रायफल न चालवलेल्या माणसाच्या हातात ती देण्यात कुणाचंच भलं नाही. वाटाड्या घ्या.

वाटाड्या परवडत नाही. फुकटात काय करता येईल?

बरंच. सुरक्षित रेघेच्या आतही दोन-तीन दिवस सहज जातात. डोंगराच्या कडेला लटकलेले जुन्या खाणींचे लाकडी सांगाडे, कोळशाचे डबे वाहून नेणाऱ्या तारमार्गाचे खांब आणि त्यांचं मध्यवर्ती केंद्र, न्युब्येनच्या बराकी, ओढ्याकाठची रंगीत घरं हे सगळं पायी होतं. गावातली घरं खांबांवर उभी आहेत, कारण खालची जमीन कायम गोठलेली असते आणि घराची ऊब तिला लागली तर ती भुसभुशीत होऊन घर कलतं. आखूड पायांचे स्वालबार्डी रेनडिअर अंगणात चरत असतात. त्यांच्या मागे लागू नका. उन्हाळाभर खाऊन जमवलेल्या चरबीवर त्यांना हिवाळा काढायचा असतो.

जून-जुलैत रस्त्याकडेला आर्क्टिक सुरय पक्ष्यांची घरटी असतात. जवळून गेलात की हे पक्षी सरळ डोक्यावर चोच मारतात, रक्त येईपर्यंत. हातात एखादी काठी उंच धरा. ते सर्वांत उंच टोकावर हल्ला करतात.

म्युझियमला तिकीट आहे, पण ते काढाच. देवमासे आणि वॉलरस मारायला आलेल्यांपासून कोळशापर्यंतचा सगळा हिशेब तिथे आहे. कोळसा आता खरोखरच इतिहासजमा झाला आहे. वीजकेंद्रात कोळसा जाळणं २०२३ मध्ये थांबलं आणि शेवटची नॉर्वेजियन खाण, सात नंबरची, २०२५ च्या उन्हाळ्यात बंद झाली.

एकाच सहलीपुरते पैसे असतील तर ते कशावर घालवावेत?

लाँगइयर हिमनदीवरच्या पायी सहलीवर. ती गावातूनच चालत सुरू होते. बोट नाही, यंत्र नाही, म्हणून इतर सहलींपेक्षा स्वस्त. उन्हाळ्यात हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांच्या राशीत जीवाश्म शोधायला नेतात. दगड फोडला की आत पानांचे ठसे निघतात, साडेपाच-सहा कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलातले. ज्या कोळशामुळे हे गाव वसलं तो त्याच काळातल्या दलदलींमधून तयार झाला. एखाद-दुसरा ठसा घरी आणायला परवानगी आहे. हिवाळ्यात त्याच हिमनदीच्या पोटातल्या बर्फाच्या गुहेत उतरवतात.

पिरामिडेन या सोडून दिलेल्या सोव्हिएत खाणगावाची बोट सहल दोन हजार क्रोनरच्या आसपास जाते. गाव १९९८ मध्ये रिकामं झालं. वाटेत हिमनदीचा कडा दिसतो, नशीब असेल तर वॉलरसही. दिवस छान जातो, पण कमी बजेटमध्ये मी तरी हिमनदीच निवडेन. २०२२ नंतर बऱ्याच नॉर्वेजियन कंपन्यांनी तिथल्या रशियन सरकारी कंपनीशी व्यवहार तोडले आहेत, तेव्हा बोट किनाऱ्याला लागते की नुसतं लांबून दाखवते, हे विचारून पैसे भरा.

शाकाहारी माणसाचं काय?

गावात एकच मोठं सुपरमार्केट आहे. स्वालबार्डमध्ये नॉर्वेचा मूल्यवर्धित कर नाही, तरी भाजीपाला आणि दूध महागच, कारण सगळं विमानाने किंवा बोटीने येतं. तांदूळ, नूडल्स, डबाबंद कडधान्यं, ब्रेड, चीज मिळतं. थाई आणि फिलिपिनो मंडळींमुळे मसाल्यांचीही अगदीच वानवा नाही.

घरून कोरडं सामान न्या. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, भडंग, पिठल्यासाठी मसाला मिसळलेलं बेसन. तूप, खवा, पेढे, दुधाची पावडर मात्र घरीच ठेवा. युरोपबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणायला बंदी आहे आणि तुम्ही ऑस्लोवरूनच जाणार आहात. बटाटेही नकोत. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, तो गावातल्या साहसी खेळांच्या सामानाच्या दुकानात मिळतो.

दारू दुकानातून घ्यायची तर परतीचा बोर्डिंग पास दाखवावा लागतो. गावकऱ्यांना महिन्याचा कोटा असतो. खाणकामगारांच्या काळातला नियम अजून चालू आहे.

कपड्यांवर किती खर्च करू?

अंगालगत लोकरीचा थर, त्यावर जाड लोकर किंवा फ्लीस, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. जुलैत तापमान सरासरी सातेक अंश असतं, म्हणजे आपल्याकडच्या ट्रेकच्या कपड्यांत थोडी भर घालून निभतं. मार्चमध्ये उणे वीस आणि वर वारा, हे वेगळं प्रकरण. पण स्नोमोबाइल किंवा कुत्र्यांच्या गाडीच्या सहलीत जाड सूट, बूट, हातमोजे कंपनीच देते, तेव्हा त्यासाठी खरेदी करू नका. जाकीट घ्यायचंच असेल तर ऑस्लोपेक्षा लाँगइयरब्येनला स्वस्त पडू शकतं, कारण कर नाही. सुती कपडे टाळा. घाम आला की ते ओले राहतात.

बियाण्यांची तिजोरी आतून पाहता येते का?

नाही. जगभरच्या पिकांची बियाणी जपून ठेवणारं, २६ फेब्रुवारी २००८ ला उघडलेलं ते भांडार डोंगरात खोदलेलं आहे आणि सामान्यांना आत प्रवेश नाही. डोंगरातून बाहेर आलेलं काँक्रीटचं दार विमानतळाच्या वरच्या बाजूला आहे. तिथे बाहेरून फोटो काढतात.

भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र तिथेच आहे ना?

स्वालबार्डमध्ये आहे, पण लाँगइयरब्येनला नाही. नी-ओलेसुंड या संशोधकांच्या वस्तीत ते २००८ पासून आहे. त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. तिथे पर्यटक जातात ते बहुधा बोटीने, काही तासांसाठी, आणि ठरलेल्या रस्त्यावरूनच चालतात. तिथल्या रेडिओ दुर्बिणींना अडथळा नको म्हणून वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. कमी पैशांत तिथे जाणं जमत नाही. ‘भारतीय आहे, आत घ्या’ म्हणून दार वाजवायचा विचारही करू नका, ते लोक कामात असतात.

गावात मरायला बंदी आहे म्हणे?

असा कायदा नाही. गोठलेल्या जमिनीत शवपेटी पुरली तर ती वर येते आणि मृतदेह कुजत नाही, म्हणून १९५० च्या सुमारापासून पेटीचं दफन थांबवलं. १९१८ च्या फ्लूच्या साथीत इथे सात तरुण दगावले होते. त्या विषाणूच्या शोधात १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांच्या कबरी उकरल्या होत्या. बाळंतपणाचीही सोय नाही, गरोदर बायका तारखेच्या काही आठवडे आधी मुख्य भूमीवर जातात. मांजर पाळायला मात्र खरोखरच बंदी आहे, पक्ष्यांसाठी.

फोन, इंटरनेट, पैसे?

समुद्राखालून केबल असल्याने गावात इंटरनेट उत्तम आहे. गाव संपलं की फोनही संपतो. तुमच्या युरोपीय सिमकार्डात स्वालबार्ड धरलंय का ते घेतानाच पाहा. सगळीकडे कार्ड चालतं, दोन वेगवेगळी कार्डं ठेवा.

परतीचं विमान रद्द झालं तर?

धुक्याने किंवा वाऱ्याने होऊ शकतं. ऑस्लोहून भारतात यायचं विमान त्याच दिवशीचं कधीही काढू नका, मध्ये निदान एक रात्र ठेवा, आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर दोन. व्हिसाची शेवटची तारीखही परतीच्या दिवसाला चिकटून नको. स्वालबार्डमध्ये अडकून पडलात आणि तेवढ्यात व्हिसा संपला, तर ऑस्लोला उतरायचा अधिकारच उरत नाही. त्या एक-दोन जादा रात्रींचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. लाँगइयरब्येनला ऐनवेळी स्वस्त पलंग मिळत नाही आणि विमान रद्द झालं की त्या विमानातले सगळेच पलंग शोधत असतात.